बोंबलाला चिमटा लावत नाहीत

मला सिनेमात डायलॉग मिळाला ही बातमी आमच्या मुरबे गावात माझ्या आधी पोचली. झालं असं, की मी शाळेच्या ऑफिसातून आईला फोन केला तेव्हा ती बंदरावर होती. हात मासळीचे, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकून टोपलीच्या कडेला उभा करून ठेवला होता. मी म्हटलं, "आई, मला घेतलं. तीस मुलींत मी एकटी, जिला बोलायचंय." एवढं बोलले आणि पलीकडून आईच्या जागी आमच्या शेजारच्या काशीबाईचा आवाज आला, "काय बोलायचं हाय गो तुला?" मागे दहापंधरा बायका हसल्या. संध्याकाळी मी रिक्षात बसले तर रिक्षावाल्यालाही माहीत होतं.

डायलॉग असा होता: "ही पिशवी माझी आहे. मी ती टाकू देणार नाही."

दोन वाक्यं, नऊ शब्द. मी ती आरशासमोर बोलले, नळावर बोलले, आमच्या मांजरीला बोलले. तीन दिवसांत तो डायलॉग माझा राहिलाच नाही, गावाचा झाला. लिलावात एखादीने दुसरीच्या वाट्याला हात लावला की ती लगेच म्हणायची, "ही टोपली माझी हाय, मी टाकू देणार नाय," आणि मग सगळ्या माझ्याकडे बघून हसायच्या. काशीबाई तर रोज सकाळी दारात उभी. "बोल बघू." मी बोलायचे. "काल बरा बोलली होतीस," असं म्हणून ती निघून जायची.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासूनच अशी. नाही. आठवीपर्यंत मी शेवटच्या बाकावरची. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. हात वर केला की बाही सगळ्यांच्या नाकासमोर जाते, आणि सकाळी आईबरोबर बोंबील वाळत घालून आलेल्या मुलीच्या बाहीला काय वास असतो ते मला चांगलं माहीत होतं. गंमत बघा, आमची रिक्षा कुंभवलीवरून जाते तेव्हा कारखान्यांचा वास येतो, डोळे चुरचुरतात, पण कुणी काही बोलत नाही. माझी आई टोपली घेऊन चढली की मात्र सगळ्यांचे रुमाल बाहेर.

मग जूनमध्ये एक दिवस परिपाठाला माईक बंद पडला. सरांनी विचारलं, "मोठा आवाज कुणाचा आहे?"  माझ्या बाकावर बसणाऱ्या एलविरा डिमेलोने माझा हात धरून वर केला, सरळ वर. आता माझा आवाज मोठा आहे हे खरंच आहे. बाबांची होडी परत येताना मी किनाऱ्यावरून त्यांना हाक मारते. मध्ये वारा असतो, इंजिनाची फटफट असते, तरी त्यांना ऐकू जाते. त्यांचा आवाज वाऱ्यामुळे माझ्यापर्यंत येत नाही, म्हणून ते नुसता हात वर करतात. ऐकलं, असं. तर त्या दिवशी मी माईकशिवाय बातम्या वाचल्या आणि रस्त्यापलीकडचा वडापाववाला कढई सोडून गेटपर्यंत आला. तेव्हापासून मी बोलते आहे. सर आता कधीकधी म्हणतात, "पूर्वी तांडेल, जरा बाकीच्यांनाही बोलू दे."

सिनेमा चाळीस वर्षांपूर्वीच्या एका कॅथलिक बोर्डिंग शाळेचा होता. मुलींची शाळा. तिथल्या मुली सिस्टरांच्या नियमांविरुद्ध बंड करतात. शूटिंग तारापूरच्या रस्त्यावर, समुद्राजवळच्या एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत. दिवाळीची सुट्टी लागणार होती, त्यामुळे आमच्या बोईसरच्या शाळेतल्या मुली घ्यायच्या असं ठरलं. सिनेमावाल्यांचे मनीष सर, म्हणजे दिग्दर्शिकेचे मुख्य सहायक, वर्गात आले आणि त्यांनी आम्हाला एकेक ओळ वाचायला लावली. मला मिळाली मंगलीची ओळ. मंगली म्हणजे बोर्डिंगमधली कोळ्यांची मुलगी. तिने घरून पिशवीत सुके बोंबील आणलेले असतात, ते ओलावतात, म्हणून ती ते मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर टांगते. सिस्टर ॲग्नेस बघते, नाक धरते आणि सगळं फेकून देते. तिथून बंडाला सुरुवात होते.

मी ती ओळ वाचली तेव्हा मनीष सर एक पाऊल मागे सरकले. म्हणाले, "हिला घ्या."

एलविरालाही घेतलं. ती सेटवर गेल्यावर पहिल्याच दिवशी तिचा आणि मनीष सरांचा घोटाळा झाला. तिला तिथे ऐनवेळी एक वाक्य मिळालं होतं, "जेवणाची घंटा झाली, मी येते." ती व्यवस्थित बोलली. मनीष सर म्हणाले, "असं नको. तुम्ही लोक बोलता ना, तसं. मी येतो, मी जातो."

"सर, मी मुलगी आहे," एलविरा म्हणाली. "मी येते."

"अगं हो, पण कॅथलिक वाटलं पाहिजे."

"मी कॅथलिकच आहे. वाटायचं काय त्यात?"

"म्हणजे प्रेक्षकांना कळलं पाहिजे."

"आमचं घर वसईकडचं. माझे आजोबा तुमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात, सर. सगळ्या प्रार्थना मराठीत म्हणतात."

मनीष सरांनी घड्याळ बघितलं. मग एलविराने चेहरा दगडासारखा केला आणि म्हणाली, "जेवणाचा घंटा झाला, मी येतो." मनीष सर खूश. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबांनी हा सिनेमा बघितला तर मला घरात घेणार नाहीत."

मी हसले, पण माझंही काही फार बरं चाललं नव्हतं. मेकअपच्या खुर्चीत बसले तेव्हा मेकअपदादांनी कागद वाचला. "मंगली. दोन शेड खाली."

"खाली म्हणजे?"

"काळी."

"दादा, मी आहेच."

"ते दिसतंय मला. पण कॅमेऱ्यात पण दिसायला पाहिजे." आणि त्यांनी माझ्या काळ्या तोंडावर तपकिरी रंग लावला. मानेवर लावला, हातांवर लावला. आरशात बघितलं तर मी मंगली पण दिसत नव्हते आणि पूर्वी पण नाही, बुटाला पॉलिश केल्यासारखी दिसत होते. तरी मी काही बोलले नाही. डायलॉग होता ना. डायलॉगसाठी माणूस थोडा रंग सोसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पॅकअप झाल्यावर, मनीष सरांनी मला बाजूला बोलावलं. "उद्या तुझा सीन. एक छोटा बदल आहे. डायलॉग आता स्वरा बोलेल."

स्वरा म्हणजे नीनाचं काम करणारी, हिरोईन. मुंबईची, सतरा वर्षांची, गोरी, लांब मानेची. वाईट नव्हती अजिबात, आमच्याबरोबरच जेवायची.

"ती काय बोलणार?" मी विचारलं.

त्यांनी कागद दाखवला. "ही पिशवी तिची आहे. मी ती टाकू देणार नाही." माझ्या 'माझी'वर काट मारून वर 'तिची' लिहिलं होतं. बस, तेवढाच बदल.

"आणि मी?"

"तू रडायचं. फार महत्त्वाचं आहे ते. तू जितकी जास्त रडशील तितका तिचा डायलॉग उठेल."

"पण सर, पिशवी माझी आहे."

"म्हणून तर तू रडतेस," मनीष सर म्हणाले. त्यांना ते अगदी बरोबर वाटत होतं.

 रिक्षातून बोईसरला उतरताना एलविरा म्हणाली, "घरी सांगणार का?" मी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही अशी. कारण दुसरा दिवस शूटिंगचा शेवटचा, घरच्यांना बघायला यायची परवानगी होती, आणि आई येणार होती. काशीबाईही येणार होती. काशीबाईने तर नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

घरी आई चुलीपाशी होती. मी चपला काढल्या. ती म्हणाली, "बोल बघू एकदा. उद्या गर्दीत मना नीट ऐकू आलं नाय तर?"

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण आई तवा उतरवून, हात पुसून, माझ्याकडे तोंड करून नीट बसली, जशी ती फक्त देवळात बसते. मग मी बोलले. ही पिशवी माझी आहे. मी ती टाकू देणार नाही.

आईने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मी पाचवीत होती ना, तवा आमचा मास्तर बरा होता. ओरडला नाय कधी. एकदा नुसता बोलला, नर्मदे, तू खिडकीजवळ बस, तिथं वारा हाय. मी बसली. सगळ्या पोरी हसल्या, तरी मी बसली. वर्षभर खिडकीजवळ बसली. मंग गेलीच नाय शाळेत."

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? मास्तर खरंच बोलला होता. वास होताच." तिने तवा परत चुलीवर ठेवला. "तू बोलणार हायेस ना, मंग झालं."

मी जेवले की नाही ते आठवत नाही.

सकाळी सेटवर गेले, रंग लावून घेतला, करड्या रंगाचा फ्रॉक घातला, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या आणि मागच्या अंगणात आले. आणि थांबले.

अंगणात कपड्यांची दोरी. दोरीवर सुके बोंबील. एकेक बोंबील, शेपटीने उलटा, आणि प्रत्येकाला प्लास्टिकचा चिमटा. निळा, गुलाबी, हिरवा, पिवळा. मोजे वाळत घालतात ना, तसे.

तेवढ्यात गेटपाशी आई आणि काशीबाई आल्या. आई बाजाराला जायच्या आधी आली होती, म्हणून डोक्यावर टोपली. तिने सिनेमावाल्यांसाठी ताजे बोंबील वेगळे काढून आणले होते, तळून खा म्हणून. सेटवरच्या माणसाने त्यांना गेटजवळच उभं केलं, दूर.

उत्कर्षा मॅडम, म्हणजे आमच्या दिग्दर्शिका, खुर्चीत बसल्या. टोपी, गळ्यात शिट्टी, आवाज हळू. सगळं तयार झालं. मी दोरीखाली बसायचं आणि रडायचं. सिस्टर ॲग्नेस येऊन बोंबील ओढणार, स्वरा मध्ये पडणार.

"ॲक्शन."

मी डोळ्यांत पाणी आणायला लागले. ते सोपं होतं, कालपासून तयारच होतं. सिस्टर दोन पावलं आल्या आणि समुद्राकडून वारा आला. आमच्याकडे नोव्हेंबरात सकाळी वारा येतोच, त्याच्याच जिवावर बोंबील वाळतात. पहिला चिमटा सुटला. बोंबील टप्पकन माझ्या डोक्यावर. मग दुसरा. मग गुलाबी चिमट्यातला एक गोल गोल फिरायला लागला, पंख्यासारखा, आणि सुटून थेट सिस्टरच्या पायाशी.

"कट. परत."

परत लावले. परत वारा. परत पडले. तिसऱ्या वेळी सेटवरच्या एकाने चिमट्यांवर चिकटपट्टी लावली. बोंबलाला चिकटपट्टी. मी खाली मान घालून बसले होते, खांदे हलत होते, सगळ्यांना वाटलं काय सुंदर रडतेय. आणि मग माझ्या तोंडून फस्सकन हसू बाहेर पडलं.

"कट. मंगली हसतेय का?" उत्कर्षा मॅडमनी विचारलं.

"नर्व्हस आहे ती," मनीष सर घाईने म्हणाले. "सॉरी म्हण, पूर्वी."

मी सॉरी म्हटलं. तिथे संपलंही असतं. पण माझी नजर गेटकडे गेली. आईने पदर तोंडावर धरला होता आणि तीही हसत होती. काशीबाईने तर पदरही धरला नव्हता. आणि मला वाटलं, आता जर मी बोलले नाही, तर आजचा दिवस मी खिडकीजवळ बसले असं होईल.

"मॅडम," मी म्हटलं, "बोंबलाला चिमटा लावत नाहीत."

माझा आवाज माहीत आहे तुम्हाला. अंगणातल्या सगळ्या माना वळल्या.

"मग काय लावतात?"

"काही नाही. दुसरा बोंबील लावतात."

मनीष सर म्हणाले, "मॅडम, आपण रिसर्च केलाय. फोटो आहेत."

"फोटोत टांगलेला दिसतो, सर. कसा टांगलाय ते दिसत नाही. आणि शेपटीने तर कुणीच नाही. मंगली कोळ्यांची आहे ना? मग ती असं करणार नाही. तिला घरी मार बसेल."

उत्कर्षा मॅडम उठून आल्या. "दाखव."

"सुक्याने नाही दाखवता येणार. ताजा पाहिजे. म्हणजे, आईकडे आहे."

अशी माझी आई सेटवर आली. तिने टोपली खाली ठेवली, लुगडं सावरलं, कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही, दोरीकडे बघितलं. "ही दोरी ढिली हाय," ती म्हणाली. दोघांनी धावत जाऊन दोरी ताणली.

मी टोपलीत हात घातला. हे काम मी सहा वर्षांची असल्यापासून करते, बघावं लागत नाही. एक बोंबील घ्यायचा, त्याचा जबडा उघडायचा, दुसऱ्याचा जबडा त्यात अडकवायचा. तोंडात तोंड. दात सुयांसारखे असतात, धरून बसतात. मग जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. वारा कितीही येऊ दे, पडत नाही. गावात आम्ही बांबू रोवून दोऱ्या बांधतो, वलांडी म्हणतात तिला, आणि एकेका वलांडीवर हजारो असतात. त्या दिवशी मी दहा जोड्या लावल्या तेवढ्यात मॅडमनी चष्मा काढून पुसून परत घातला. वारा आला. सगळ्या जोड्या डोलल्या. पडलं काहीच नाही.

हातात एक उरला होता.

"हा?" मॅडमनी विचारलं.

"याला जोडी नाही. एकटा राहत नाही तो दोरीवर."

"मग त्याचं काय करायचं?"

"खायचा."

काशीबाई गेटवरून म्हणाली, "तळून," आणि सगळा सेट हसला, मनीष सरसुद्धा.

उत्कर्षा मॅडम हसल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या आणि दोरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूर्वी, सिस्टरने हे सगळं ओढून फेकलं तर तू काय करशील? खरं सांग. रडशील?"

मी विचार केला. "आठवीत असते तर रडले असते. पण रडत रडत परत लावले असते. वाळूत पडले तर धुवायचे आणि परत लावायचे. सकाळचा वारा थांबत नाही ना कुणासाठी."

"आणि बोलशील काय?"

"ते आधी कागदावर होतं, मॅडम. माझंच होतं."

मनीष सर कागद चाळायला लागले. तेव्हा स्वरा, इतका वेळ एका बाजूला उभी होती ती, म्हणाली, "मला कालपासून तेच वाटत होतं. पिशवी हिची, फेकले हिचे, आणि भाषण मी करतेय. मी कोण?"

"तू हिरोईन," मनीष सर म्हणाले.

"हो, पण मला जोडी लावता येत नाही," स्वरा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "शिकवशील?"

आता एलविरा कशाला मागे राहते. तिने सरळ हात वर केला. "मॅडम, मी पण एक सांगू? सिस्टर नाक धरणार नाही. माझी मावशी सिस्टर आहे, तिला सुका बोंबील माझ्यापेक्षा जास्त आवडतो. आमच्याकडे उपास सुटला की पहिला तोच आठवतो."

सिस्टर ॲग्नेस झालेल्या बाईंनी कपाळावरचं फडकं मागे सारलं. "मग मी फेकते कशासाठी? मला तेच कळत नव्हतं."

एलविराने जरा विचार केला. "पाहुणे येणार असतील. लांबून, मोठे. त्यांच्यासमोर आपल्या मुली अशा दिसायला नकोत म्हणून. मावशीने एकदा पाहुणे आले म्हणून माझी सुकटाची चटणी कपाटात लपवली होती. पाहुणे गेले आणि तिनेच बसून खाल्ली."

बाई हळूच म्हणाल्या, "हे मला करता येईल. हे समजतं मला."

मॅडमनी तासाभराची सुट्टी दिली. त्या आणि मनीष सर चिंचेखाली बसून कागद खोडत होते. इकडे अंगणात मी तीस मुलींना जोडी शिकवत होते. आरडाओरडा नुसता. वीज केंद्राच्या कॉलनीतल्या एकीने, जी आठवीत माझ्या शेजारी बसायला तयार नव्हती, दोन बोटांनी बोंबील उचलला आणि म्हणाली, "ईऽऽ, हा बघतोय माझ्याकडे." पण तिने लावला. स्वराला दात टोचले, बोटातून रक्ताचा ठिपका आला, ती म्हणाली, "तुझ्या बोटांवर या रेषा याच्याच का?" मी म्हटलं हो. ती आपली बोटं माझ्या बोटांशेजारी धरून बघत बसली. आई टोपलीशेजारी बसून सगळ्यांना शिव्या घालत होती, प्रेमाने. "अगो तोंड उघड त्याचं, तुझं नाय."

या सगळ्यात मी घाम पुसला तर बाहीला तपकिरी रंग. मेकअपदादा डबी घेऊन धावत आले. उत्कर्षा मॅडम चिंचेखालूनच म्हणाल्या, "पुसून टाका सगळा. मला हिचा चेहरा बघू दे." एलविराकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि तू घरी बोलतेस तशी बोल."  थोड्या वेळाने मनीष सर स्वतःच एलविराकडे जाऊन म्हणाले, "ते परवाचं... आजोबांना सांगू नकोस." ती म्हणाली, "बघते."

दुपारी बाराला सीन लागला. नवा सीन असा: पिशवीत आता सुके नाही, ताजे बोंबील, आणि मी त्यांच्या जोड्या लावतेय. सिस्टर येतात, घाईत, मागे वळून वळून गेटकडे बघत, कारण पाहुण्यांची गाडी येणार. त्या दोरीवरच्या जोड्या ओढतात. मी उचलते, परत लावते. त्या परत ओढतात. मग नीना येते, काही न बोलता माझ्या शेजारी बसते आणि जोडी लावायला लागते, वाईट लावते, पण लावते. मग एलविरा. मग एकेक करून सगळ्या. सिस्टर पिशवी उचलतात, आणि तेव्हा मी उभी राहते.

"ॲक्शन."

मी उभी राहिले आणि बोलले. ही पिशवी माझी आहे. आणि माझ्याबरोबर अजून एक आवाज बोलला, गेटवरून, अगदी माझ्याच सुरात. मी ती टाकू देणार नाय.

"कट," मॅडम म्हणाल्या. सगळे गेटकडे वळले. आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

"माझी नाय चूक," आई म्हणाली. "आठ दिवस पाठ करून घेतलंय तिनं आमच्याकडून."

आवाज रेकॉर्ड करणारे काका हेडफोन काढून कान चोळत होते. ते म्हणाले, "ताईंना जरा लांब उभं करा. आणि पोरी, तू हळू. कान फुटतील माझे. माईक तुझ्या डोक्यावरच आहे."

आईला आणि काशीबाईला रस्त्यापलीकडे, पार सुरूच्या झाडांपाशी नेलं. तिथून त्या दोघी एवढ्याशा दिसत होत्या. एक टोपलीवाली, एक नव्या लुगड्याची. त्यांच्यामागे समुद्र, आणि वारा तिकडून इकडे. वाऱ्याविरुद्ध.

मॅडम म्हणाल्या, "ॲक्शन."

सिस्टरनी ओढल्या. मी लावल्या. त्यांनी ओढल्या. स्वरा बसली, एलविरा बसली, सगळ्या बसल्या. सिस्टरनी पिशवी उचलली आणि त्यांचे डोळे खरंच भरले होते, त्यांना ती फेकायची नव्हती. मी उभी राहिले. काकांनी सांगितलेलं हळू मला आठवत होतं. खरंच आठवत होतं. पण आई सुरूपाशी होती.

"ही पिशवी माझी आहे. मी ती टाकू देणार नाही."

कावळे उडाले. काकांनी हेडफोन भिरकावला. कुणी कट म्हणेना. मी सिस्टरकडे बघत उभी राहायचं होतं, पण माझी नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली, रस्त्यापलीकडे, आणि तिथे माझ्या आईने हात वर केला. सरळ वर, पूर्ण बाही दिसेल असा.

"कट," मॅडम हळूच म्हणाल्या. मग काकांकडे बघून, "काय करायचं?"

काका हेडफोनची वायर गुंडाळत म्हणाले, "राहू दे. परत घेतला तरी ती असंच ओरडणार."

निघताना मनीष सरांनी मला समजावून सांगितलं, की एडिटिंगमध्ये काय राहतं आणि काय जातं ते आता कुणालाच सांगता येत नाही, सिनेमा यायला वर्ष लागेल, तेव्हा फार आशा ठेवू नकोस. मी म्हटलं बरं. पण मी आशा ठेवली आहे, भरपूर, आणि ते तुम्हाला सांगतेच आहे. एलविराने तर तिच्या मावशीला आत्तापासून तारीख विचारून ठेवलीय, सुट्टी कधी मिळेल म्हणून.

परत येताना रिक्षात आई, काशीबाई आणि मी. टोपली पायाशी. कुंभवली आली, कारखान्यांचा वास आला, एका बाईने रुमाल काढला आणि आमच्या टोपलीकडे बघितलं. मी म्हटलं, "काकी, हा वास आमचा नाही. आमचा बोंबील तर सगळा सिनेमात गेला." ती बाई आधी दचकली, मग हसली आणि विचारलं, "कुठल्या सिनेमात?"

काशीबाई पुढे सरकली. "बोल गो, दाखव हिला," ती म्हणाली. "पण हळू बोल, रिक्षा लहान हाय."